हिंसक दृश्ये, व्हिडिओ गेम आणि बालमन : मावळातील शिरगावच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

मुलांच्या करमणुकीविषयी वडीलधाऱ्यांना वाटणारी चिंता ही काही आजची गोष्ट नव्हे. तिचे लक्ष्य मात्र पिढीगणिक बदलत आले आहे. आरंभी नाटक, पुढे चित्रपट, मग भयकथांची चित्रपुस्तके, त्यानंतर दूरदर्शन आणि आज मोबाइलवरील व्हिडिओ गेम असा हा क्रम लावता येईल. साधने बदलली, तरी चिंतेच्या मुळाशी असलेले सूत्र एकच राहिले आहे. ते असे की, जे मूल हिंसा पाहते ते पुढे हिंसा करू लागते. या सूत्राला प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'परिणाम-कल्पना' असे म्हटले आहे. ही कल्पना सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती ज्या ठोकळ स्वरूपात मांडली जाते त्या स्वरूपात खरीही नाही. तिच्या पोटात परस्परांहून भिन्न अशा अनेक गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात आणि त्या वेगळ्या न केल्यामुळे पालकांची चिंता खरी असूनही तिच्यावरचा उपाय चुकीच्या जागी होतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

विवेचनाला एक ठाव असावा म्हणून मावळ तालुक्यातील शिरगाव नजरेसमोर ठेवले आहे. पवना नदीच्या खोऱ्यातील, सोमाटणे फाट्याजवळचे हे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे 'प्रतिशिरडी' म्हणून सर्वत्र परिचित आहे. एका बाजूस तळेगाव दाभाडे, दुसऱ्या बाजूस पिंपरी-चिंचवडचा विस्तार आणि जवळून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अशा स्थितीत येथे जुने गावठाण आणि नवी वस्ती शेजारी शेजारी आली आहे. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर ओसरीवर असतात तेथील मूल आणि ज्या घरात आई-वडील दोघेही कामावर जातात तेथील मूल, ही दोघे एकाच शाळेत शेजारी बसण्याचा संभव येथे अधिक आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पुढे दिसून येईल.

२. परिणाम-कल्पनेचा पूर्वेतिहास

दृश्य पाहून प्रेक्षक हिंसेला प्रवृत्त होईल ही भीती महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. द्रौपदीचा अपमान करणाऱ्या कीचकाचा भीमाकडून होणारा वध हा त्याचा विषय असून त्यात कर्झनशाहीचे रूपक प्रेक्षकांनी ओळखले होते. मुंबई सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. आता याच काळातील दुसरी घटना पाहावी. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या रात्री रंगमंचावर कोणते नाटक चालू होते? गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा'. म्हणजे जरठ-बाला विवाहावरील, रक्ताचा थेंबही न सांडणारे नाटक. या कृत्याची मुळे त्या काळच्या राजकारणात होती. दृश्यातील हिंसा आणि प्रत्यक्षातील हिंसा यांचा सांधा वाटतो तितका सरळ नसतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मुलांच्या बाबतीत हाच विचार पाश्चात्त्य देशांत १९५० नंतर बळावला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालगुन्हेगारीचा संबंध चित्रपुस्तकांशी जोडला. ब्रिटनने १९५५ मध्ये अशा पुस्तकांविरुद्ध कायदा केला आणि लगोलग १९५६ मध्ये भारतातही 'तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम' संमत झाला. वीस वर्षांखालील व्यक्तीच्या मनावर अनिष्ट परिणाम होईल अशा रीतीने गुन्हे, क्रौर्य अथवा किळसवाणे प्रसंग रंगविणाऱ्या प्रकाशनांचा त्यात अंतर्भाव केलेला आहे. या साऱ्या चळवळीला ज्या ग्रंथाने मोठा आधार पुरविला त्याची मूळ टिपणे पुढे संशोधकांसाठी खुली झाली. ती तपासून अमेरिकन संशोधिका कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये असे दाखवून दिले की, वर्थम यांनी मुलांची निवेदने आपल्या प्रतिपादनाला अनुकूल होतील अशी फिरवली होती. मुलांच्या घरातील मारहाण, दारिद्र्य, टोळ्यांशी असलेले संबंध अशा बाबी त्यांनी गाळल्या आणि चित्रपुस्तके तेवढी ठेवली. हेतू शुद्ध असला तरी पुरावा शुद्ध होतोच असे नाही, हा या प्रकरणाचा बोध पदव्युत्तर अभ्यासकाने कायम लक्षात ठेवावा असा आहे.

३. प्रयोगशाळेतील पुरावा : शिकणे आणि करणे

परिणाम-कल्पनेला शास्त्रीय अधिष्ठान मिळाले ते अल्बर्ट बॅन्ड्युरा व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलामुलींवर केलेला त्यांचा पहिला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना एक प्रौढ व्यक्ती हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला ठोसे व हातोड्याचे तडाखे मारताना दाखविण्यात आली. काहींना शांतपणे खेळणारी व्यक्ती दाखविली. तर काहींना कोणीच दाखविले नाही. नंतर मुलांना किंचित चिडवून, त्या बाहुल्यासह इतर खेळणी असलेल्या खोलीत सोडण्यात आले. मारहाण पाहिलेल्या मुलांनी तीच कृती, बऱ्याचदा त्याच शब्दांसह, करून दाखविली. १९६३ च्या प्रयोगात प्रत्यक्ष व्यक्तीऐवजी चित्रफीत वापरली, तरीही अनुकरण घडून आले.

येथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु १९६५ चा तिसरा प्रयोग अधिक मार्मिक असूनही तो मागे पडतो. त्यात काही मुलांना असे दाखविले की मारहाण करणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली. या मुलांनी अनुकरण कमी केले. पण नंतर 'जे पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस मिळेल' असे सांगताच त्यांनीही इतरांइतकेच अचूक करून दाखविले. याचा अर्थ असा की, हिंसेची कृती सर्व मुले सारखीच शिकली होती. ती करावी की न करावी हे मात्र तिच्या फलाविषयीच्या अपेक्षेवर ठरले. शिकणे आणि करणे यांत अशी एक फट असते. त्या फटीत आई, बाप, शिक्षक, सवंगडी आणि गाव उभे असतात. पुढील सर्व विवेचन या फटीविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

या प्रयोगांवर रास्त आक्षेपही घेतले गेले आहेत. तो बाहुला मार खाऊन पुन्हा उभा राहण्यासाठीच बनविलेला होता; त्याला मारणे आणि धाकट्या भावाला मारणे यांत मूल भेद करीत नाही असे गृहीत धरणे योग्य नाही. शिवाय निरीक्षण अल्पकाळाचे होते. म्हणून प्रयोगशाळेच्या बाहेर काय दिसते हे पाहणे आवश्यक ठरते.

४. प्रयोगशाळेबाहेर : दोन गावांची गोष्ट

न्यूयॉर्क राज्यातील कोलंबिया परगण्यात लिओनार्ड एरन यांनी १९६० मध्ये तिसरीच्या ८७५ मुलांची पाहणी केली. 'तुमच्या वर्गात विनाकारण मारामारी कोण करतो?' अशा प्रश्नांवरून सवंगड्यांच्याच साक्षीने प्रत्येक मुलाची आक्रमकता मोजली आणि त्याचे आवडते कार्यक्रम कोणते हे आईला विचारले. दहा वर्षांनी यांपैकी ४२७ जण पुन्हा गाठता आले. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी अधिक आक्रमक निघाले, सहसंबंध-गुणक ०.३१ आला. मुलींमध्ये मात्र असा संबंध आढळला नाही. एवढ्या गुणकाने आक्रमकतेतील फरकाचा सुमारे दहावा हिस्सा उलगडतो. उरलेले नऊ हिस्से अन्य कारणांकडे राहतात.

याहून उद्बोधक अशी दोन उदाहरणे आहेत. कॅनडातील डोंगरांमुळे प्रक्षेपण न पोहोचणाऱ्या एका गावात १९७३ मध्ये प्रथम दूरदर्शन आले. संशोधकांनी त्या गावाला 'नोटेल' हे टोपणनाव दिले. दूरदर्शन येण्यापूर्वी आणि आल्यानंतर दोन वर्षांनी शाळेच्या मैदानावर मुलांचे निरीक्षण करण्यात आले. शारीरिक व शाब्दिक अशी दोन्ही प्रकारची आक्रमकता वाढलेली दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या, दूरदर्शन आधीपासून असलेल्या दोन गावांत तशी वाढ नव्हती. टॅनिस विल्यम्स यांनी १९८६ मध्ये हे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

आता दुसरे उदाहरण. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शन आले. टोनी चार्ल्टन व त्यांचे सहकारी यांनी आधीपासूनच तेथील मुलांच्या वर्तनाची नोंद ठेवली होती. पाच वर्षांनंतरही मैदानावरील मुलांच्या वागण्यात बिघाड झाला नाही. हिंसक कार्यक्रम तेथेही दिसत होतेच. संशोधकांनी यामागचे कारण शोधले ते गावाच्या घडणीत: लहान वस्ती, परस्परांची ओळख, मुलांवर असणारी मोठ्यांची नजर आणि वागणुकीविषयीच्या स्पष्ट अपेक्षा.

साधन तेच आणि परिणाम मात्र वेगळा, असे येथे घडले आहे. दोन उदाहरणांवरून सिद्धांत उभा राहत नाही हे खरे. तथापि पडद्यावर काय आहे एवढेच विचारून भागत नाही, पडद्याभोवती कोण आहे हेही विचारले पाहिजे, एवढी सूचना त्यांतून निश्चित मिळते. शिरगावसारख्या ठिकाणी, जेथे ओळखीचे गावठाण आणि अनोळखी वसाहत एकमेकांना लागून आहेत, तेथे ही सूचना विशेष मोलाची ठरते.

५. व्हिडिओ गेमची बाजू

चित्रपटाचा प्रेक्षक दुसऱ्याने केलेली हिंसा पाहतो; व्हिडिओ गेममध्ये मात्र बंदुकीचा चाप खेळणाऱ्याच्याच बोटाखाली असतो आणि अचूक नेमाला तात्काळ गुण मिळतात. बॅन्ड्युरा यांच्या भाषेत बोलायचे तर येथे अनुकरण, सराव आणि बक्षीस ही तिन्ही एकत्र येतात. म्हणून गेमचा परिणाम दूरदर्शनपेक्षा पुष्कळ अधिक असावा असे अनुमान स्वाभाविकच निघाले. पण मोजमापाने त्याला तितकीशी साथ दिलेली नाही.

क्रेग अँडरसन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे एक लाख तीस हजार व्यक्तींवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हिंसक गेम आणि आक्रमकता यांत लहान पण सातत्यपूर्ण संबंध असल्याचे मांडले. ख्रिस्तोफर फर्ग्युसन आदी टीकाकारांनी त्यांच्या मापनपद्धतीवर हरकत घेतली. २०१८ मध्ये प्रेस्कॉट, सार्जंट व हल यांनी केवळ दीर्घकालीन अभ्यास निवडले. असे २४ अभ्यास होते व त्यांत सतरा हजारांहून अधिक मुले होती. मुलांची मूळची आक्रमकता जमेस धरूनही संबंध उरला, पण तो ०.११ इतका, आणि इतर कारणे वजा केल्यावर ०.०८ इतका. त्यानंतर २०१९ मध्ये ऑक्सफर्ड येथील प्शिबिल्स्की व वाइनस्टाइन यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. विश्लेषणाची पद्धत त्यांनी आधीच जाहीर करून ठेवली होती आणि गेम हिंसक आहे की नाही हे मुलांच्या सांगण्यावरून न ठरविता अधिकृत वर्गीकरणावरून ठरविले होते. त्यांना असा संबंध आढळला नाही.

०.१ या गुणकाचा व्यावहारिक अर्थ असा की, मुलामुलांच्या आक्रमकतेत जो फरक दिसतो त्याचा साधारण शंभरावा हिस्सा गेमच्या हिंसकतेशी निगडित आहे. शिवाय या अभ्यासांतील 'आक्रमकता' म्हणजे बहुधा ढकलणे, ओरडणे, चिडणे, खून-दरोडे नव्हेत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपला पूर्वीचा ठराव सुधारताना हाच भेद स्पष्ट केला. अशा किरकोळ आक्रमकतेशी अल्प संबंध दिसतो. गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा मात्र नाही, असे तिने नमूद केले. अल्प म्हणजे शून्य नव्हे, हे येथे बजावून सांगितले पाहिजे. लाखो मुलांच्या आयुष्यात शंभरावा हिस्साही नगण्य नसतो. परंतु शंभराव्या हिश्श्याकडे सारे लक्ष लावून उरलेल्या नव्याण्णवांकडे पाठ फिरविणे हे शास्त्रही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

६. महाराष्ट्रातील तीन घटना

परिणाम-कल्पनेच्या समर्थनार्थ आपल्याकडे ज्या घटना सांगितल्या जातात त्यांपैकी तिघींची छाननी येथे करू. या घटनांतील कुटुंबांच्या दुःखाचा आदर राखून केवळ अनुमानाच्या रीतीपुरताच त्यांचा विचार केला आहे.

मार्च २०१९ मध्ये हिंगोली येथे रेल्वेमार्गाजवळ मोबाइलवर 'पब्जी' खेळण्यात गुंग असलेले दोन तरुण गाडीखाली सापडून मरण पावल्याचे वृत्त आले. जून २०१९ मध्ये भिवंडी येथे, मोबाइलवर सतत खेळतो म्हणून रागावणाऱ्या थोरल्या भावाची पंधरा वर्षांच्या मुलाने हत्या केल्याचे वृत्त पोलिसांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले. जुलै २०२४ मध्ये शिरगावपासून जवळच असलेल्या किवळे येथे शाळकरी वयाच्या एका मुलाने आपले जीवन संपविले आणि त्याचा संबंध ऑनलाइन गेमशी जोडला गेला.

तिन्ही घटना 'हिंसक गेमचा परिणाम' या एकाच मथळ्याखाली येतात. वस्तुतः त्या तीन भिन्न प्रश्नांकडे बोट दाखवितात. हिंगोलीत घात झाला तो अवधान हरपल्यामुळे. गेम बुद्धिबळाचा असता तरी गाडी थांबली नसती. भिवंडीत ठिणगी पडली ती खेळावरून झालेल्या टोकणीमुळे. येथे फेशबॅक व सिंगर यांच्या १९७१ च्या अभ्यासाची आठवण होते. निवासी संस्थांतील मुलग्यांपैकी काहींना सहा आठवडे हिंसक आणि काहींना अहिंसक कार्यक्रम दाखविले असता, काही संस्थांत अहिंसक कार्यक्रम पाहणारेच अधिक आक्रमक निघाले. 'हिंसा पाहिल्याने मनातील हिंसेचे विरेचन होते' असा अर्थ त्यावरून काढण्यात आला. टीकाकारांनी मात्र दाखवून दिले की, या मुलांचे आवडते कार्यक्रम बंद केल्यामुळे ती चिडलेली होती. तक्रार इतकी झाली की 'बॅटमॅन' पाहण्याची परवानगी त्यांना द्यावी लागली. आवडती वस्तू हिरावली जाणे हे स्वतःच आक्रमकतेचे एक स्वतंत्र कारण आहे. प्शिबिल्स्की व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये व्हिडिओ गेमबाबतही असेच दाखविले की, खेळणाऱ्याला मुद्दाम अवघड करून दिलेला आणि म्हणून वारंवार अपयश देणारा गेम, त्यात हिंसा नसली तरी, चीड उत्पन्न करतो.

किवळ्याची घटना सर्वांत नाजूक आहे. आत्महत्येला एकच एक कारण असते असे मनोविकारशास्त्र मानीत नाही. किशोराचे एकाकी होणे, झोप व शाळा यांची घडी विस्कटणे, स्वभावातील बदल, मदत न मिळणे असे कित्येक धागे तेथे गुंतलेले असतात. गेमचे नाव घेऊन मोकळे झालो की बाकीचे धागे तपासण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही; आणि पुढील मूल वाचवायचे असेल तर नेमके तेच धागे वेळीच दिसावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग-विकारा'ची नोंद आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, सामान्यतः बारा महिने, ही त्याची लक्षणे होत. या लक्षणांत गेम हिंसक असण्याची अट कोठेही नाही, ही गोष्ट पालकांना व शिक्षकांना मुद्दाम सांगितली पाहिजे. ज्या घरात 'आमचा मुलगा मारामारीचे खेळ खेळत नाही' एवढ्यावर समाधान मानले जाते, त्या घरातील मूलही संकटात असू शकते.

सारांश, लोकव्यवहारात एका शब्दाने ओळखला जाणारा 'गेमचा परिणाम' निदान तीन घटकांत विभागला पाहिजे: आशयाचा परिणाम, आसक्तीचा परिणाम आणि त्या आसक्तीवरून घरात उद्भवणाऱ्या संघर्षाचा परिणाम.

७. दुर्लक्षित परिणाम : भय आणि झोप

आक्रमकतेच्या वादात एक परिणाम झाकोळला जातो. हिंसक दृश्य पाहणाऱ्या मुलांपैकी मारेकऱ्याच्या भूमिकेत शिरणारी थोडी असतात; घाबरणारी पुष्कळ असतात. जोअन कँटर यांच्या संशोधनातून असे दिसते की, शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मूल विक्राळ रूपाला भिते, मग ते पात्र कथेत सज्जन का असेना. त्याहून मोठे मूल जे खरोखर घडू शकेल त्याला भिते. म्हणून राक्षसाच्या गोष्टीने न बिचकणारे दहा वर्षांचे मूल बातम्यांतील अपहरणाने रात्रभर जागे राहते. 'हे खोटे आहे' असे सांगण्याने मोठ्या मुलाचे समाधान होते, लहानाचे होत नाही. त्याला मांडीवर घ्यावे लागते.

अमेरिकेतील सिएटल येथे गॅरिसन व क्रिस्टाकिस यांनी २०१२ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पालकांना पडदा बंद करण्यास न सांगता, हिंसक कार्यक्रमांच्या जागी सौम्य व वयानुरूप कार्यक्रम लावण्यास साहाय्य करण्यात आले. तेवढ्याने मुलांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या. हिरावून घेण्याऐवजी बदलून देण्याचा हा मार्ग मागील विभागात पाहिलेल्या संघर्षाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

८. किल्ला आणि पडदा

मुलांच्या खेळात हिंसा पडद्यामुळे आली असे मानणे मावळात तरी कठीण आहे. लोहगड-विसापूरच्या या मुलखात दिवाळीला अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर मावळे व तोफा मांडल्या जातात आणि लाकडी तलवारींनी लुटुपुटीच्या लढाया होतात. या लढायांना कोणी बालमनावरील आघात समजत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग अंगणातील लढाई आणि पडद्यावरील लढाई यांत भेद कोणता? तो हिंसेच्या प्रमाणात नसून खेळाच्या रचनेत आहे. अंगणात शत्रू हा शेजारचा मुलगा असतो. लाकडी तलवार जोरात लागली की तो रडतो. रडला की खेळ थांबतो. कोणाची तरी आई बाहेर येते. रुसवा निघतो आणि नियम नव्याने ठरतात. दुसऱ्याच्या वेदनेने आपला हात आवरण्याचे शिक्षण येथे खेळता खेळता मिळते. पडद्यावरील शत्रू रडत नाही, निदान खेळ थांबेल असा तरी रडत नाही. शिवाय अंगणातील खेळाला दिवेलागणीची मर्यादा असते. मोबाइलवरील गेमला संध्याकाळ नसते. पुढची फेरी, रोजची हजेरी, अपुरे राहिलेले बक्षीस अशा युक्त्यांनी तो संपू नये अशीच त्याची बांधणी केलेली असते.

म्हणून खरी चिंता असावी ती पडद्यावरील तलवारीची नव्हे, तर अंगणातल्या सवंगड्याच्या जागेची. ती जागा रिकामी होत असेल, आणि वाढत्या वस्तीत मोकळी जमीनच आक्रसत असेल, तर मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतल्याने ती भरून येणार नाही.

९. कायद्याची मर्यादा

चित्रपटांचे प्रमाणन १९५२ च्या अधिनियमानुसार होते. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाच्या वर्गात सात, तेरा व सोळा वर्षे असे टप्पे केले. गेम मात्र या मंडळाच्या कक्षेत येत नाहीत. २०१९ च्या आरंभी मुंबईतील अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने 'पब्जी'वर बंदीची मागणी मुंबई उच्च न्यायालयात करण्यात आली होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने त्या गेमवर बंदी घातली खरी, पण देशाच्या सार्वभौमत्वाच्या व सुरक्षिततेच्या कारणास्तव, बालहिताच्या नव्हे. २०२१ मध्ये तोच गेम नव्या नावाने भारतात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. कायद्याची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु शिकणे आणि करणे यांमधील फटीत कायद्याला उभे राहता येत नाही, ते काम माणसांचेच आहे.

१०. शिरगावात अभ्यास कसा व्हावा

वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील आहेत. तेथे मुलाला बहुधा स्वतःचे साधन व स्वतंत्र खोली असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच मोबाइल आई, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ यांच्यात फिरतो. तेव्हा तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. शिरगाव परिसरात अशी पाहणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने पुढील पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते.

पहिले, 'दिवसाला किती तास?' हा प्रश्न पुरेसा नाही; काय खेळले, कोणाबरोबर खेळले आणि खेळ कसा संपला हे विचारावे. आपणहून संपलेला खेळ आणि हिसकावून संपलेला खेळ यांची नोंद वेगळी व्हावी. दुसरे, आक्रमकतेचे माप केवळ मुलाच्या किंवा आईच्या सांगण्यावरून न घेता एरन यांच्याप्रमाणे वर्गमित्रांची व शिक्षकांची साक्ष घ्यावी. तिसरे, घरात मुलावर हात उगारला जातो काय, हे जपून पण अवश्य पाहावे. वर्थम यांनी जे गाळले तेच आपण गाळू नये. चौथे, झोप, भय आणि मैदानावरचा वेळ यांची नोंद आक्रमकतेइतक्याच काळजीने ठेवावी. पाचवे, गावठाण आणि वसाहत यांची तुलना करावी, पण एकदाच नव्हे; त्याच मुलांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटावे. आणि एखादे मूल संकटात असल्याचे दिसताच निरीक्षकाची भूमिका सोडून त्याला योग्य मदतीपर्यंत पोहोचवावे, ही अट सर्वांच्या वर असावी.

उपलब्ध पुराव्यावरून एवढे निश्चयाने म्हणता येते की, हिंसक दृश्य मुलाला हिंसेची रीत दाखविते. ती आचरण्याची सक्ती करीत नाही. आचरणाचा निर्णय मूल आपल्या भोवतीच्या माणसांकडे पाहून करते. यास्तव मुलाने काय पाहिले या प्रश्नाबरोबरच, ते पाहत असताना आणि पाहून झाल्यावर त्याच्याजवळ कोण होते, हा प्रश्न संशोधकाने, शिक्षकाने आणि पालकाने विचारला पाहिजे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून फार तर बंदी निघेल. मुलाला प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे काही निघायचे असेल तर ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघेल.